पार्श्वभूमी : पोकरचा अभ्यास आणि ‘जीटीओ’चा गुंता

पोकरचा अभ्यास म्हटलं की आज डोळ्यांसमोर सॉल्व्हर, म्हणजे डावाचं गणिती उत्तर काढणारा प्रोग्रॅम, येतो. त्याची मुळं मात्र पत्त्यांच्या अड्ड्यांपेक्षा गणितात जास्त आहेत. गेम थिअरीचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या निर्णयांच्या गणिताचा, पाया 1928 ते 1950 या काळात घातला गेला. मांडणाऱ्यांना उदाहरण म्हणून पोकरच हाताशी हवा होता, कारण बुद्धिबळात लपवायला काही नसतं. 1950 सालच्या एका नमुन्यात तर फक्त 3 पत्ते, 2 खेळाडू आणि एकच बेट (लावलेली रक्कम) होती. पहिल्याने चेक केल्यावर (पैसे न लावता पाळी पुढे दिल्यावर) दुसऱ्याने सर्वांत हलक्या पत्त्यावर 3 पैकी 1 वेळा ब्लफ करायचा, म्हणजे हात कमकुवत असूनही बेट लावायची, असं त्याचं उत्तर निघालं. ब्लफ हा छातीचा नसून प्रमाणाचा प्रश्न आहे, हे तेव्हाच कागदावर आलं होतं.

टेबलापर्यंत ते पोचायला अर्धं शतक गेलं. मधल्या काळात व्यावसायिकांनी लिहिलेली पुस्तकं पॉट ऑड्स (डावात जमलेली रक्कम, म्हणजे पॉट, आणि पुढे भरायची रक्कम यांचं प्रमाण), पोझिशन (पाळीच्या क्रमातली जागा) आणि समोरच्याचा स्वभाव यांवर भर देत होती. मग 2003 साली ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेल्या एका हौशी खेळाडूने पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकली. त्या वर्षी 839 जण उतरले होते, 2006 साली 8,773. ऑनलाइन खेळामुळे प्रत्येक डावाची नोंद आपोआप जपली जाऊ लागली आणि अभ्यासाला पहिल्यांदा कच्चा माल मिळाला. कोण किती डावांत स्वखुशीने पैसे घालतो, किती वेळा रेझ करतो (बेट वाढवतो), हे टक्क्यांत दिसू लागलं.

त्यातून एक चूक रुजली, ती अजून गेलेली नाही : निकालावरून खेळ जोखणं. सहा जणांच्या नो-लिमिट (बेटला कमाल मर्यादा नसलेल्या) टेबलावर दर 100 डावांमागे प्रमाण विचलन (निकालातला चढउतार) साधारण 100 बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधीची मोठी सक्तीची बेट, हेच मोजण्याचं एकक) धरलं, तर 10,000 डावांनंतरही सरासरीत एका प्रमाण विचलनाची, म्हणजे दर 100 डावांमागे 10 बिग ब्लाइंडची, चूक राहते. दर 100 डावांत 5 बिग ब्लाइंड जिंकणारा चांगला खेळाडू एवढ्या डावांत तोट्यात दिसू शकतो. 1,00,000 डावांनंतर हीच चूक 3 च्या आसपास येते.

दुसरं वळण कॅनडातल्या अल्बर्टामधून आलं. 2007 साली तिथल्या संशोधकांनी एक पद्धत मांडली. प्रोग्रॅम स्वतःशीच खेळतो, प्रत्येक निर्णयानंतर ‘दुसरं काही केलं असतं तर किती फायदा झाला असता’ याचा हिशोब ठेवतो आणि त्यानुसार पुढची प्रमाणं बदलतो. जानेवारी 2015 मध्ये दोघांच्या लिमिट होल्डेमचं (ठरलेल्या रकमेच्या बेट असलेल्या पोकरच्या प्रकाराचं) उत्तर जवळजवळ पूर्ण निघाल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी घरच्या कॉम्प्युटरवर चालणारे सॉल्व्हर बाजारात आले. 2017 साली पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक 20 दिवसांत 1,20,000 डाव खेळून प्रोग्रॅमकडून हरले आणि ‘जीटीओ’ (गेम थिअरी ऑप्टिमल) हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला.

या शब्दाने जितकं शिकवलं तितकंच बिघडवलं. त्यातल्या ‘ऑप्टिमल’चा अर्थ लोक ‘सर्वांत जास्त कमाई देणारा’ असा घेतात. सॉल्व्हर काढतो तो समतोल : दोघांपैकी कुणीही एकट्याने आपली पद्धत बदलून जास्त मिळवू शकत नाही अशी स्थिती. दोघांच्या खेळात समतोल धरणारा सरासरीने हरत नाही, इतकीच हमी आहे, तीही रेक (टेबल चालवणारा पॉटमधून कापतो तो हिस्सा) नसेल तर. तिघे पॉटमध्ये आले की तीही उरत नाही.

एक रिव्हर, म्हणजे शेवटचं सामाईक पान उघडल्यानंतरचा टप्पा, घ्या. पॉट 1,000, आपली बेट 1,000. समतोलात दर 2 खऱ्या, म्हणजे भक्कम, हातांमागे 1 ब्लफ असतो आणि समोरचा निम्म्या वेळा कॉल करतो (तेवढीच रक्कम भरतो), त्यामुळे ब्लफची सरासरी कमाई शून्य. आता समोरचा 70 टक्के वेळा फोल्ड करणारा (पत्ते टाकून देणारा) आहे. 1,000 चे 70 टक्के म्हणजे 700 मिळतात, 30 टक्के म्हणजे 300 जातात. प्रत्येक ब्लफ 400 कमावतो. इथे समतोलाला चिकटून राहणारा ते 400 टेबलावर सोडतो. उलट फोल्ड न करणाऱ्यापुढे ब्लफ बंद करायचे. समतोल पाठ असल्याचा उपयोग हाच, की समोरचा त्यापासून किती आणि कोणत्या बाजूला सरकलाय ते ओळखता येतं.

स्क्रीनवर एखाद्या हातापुढे ‘63 टक्के चेक, 37 टक्के बेट’ दिसतं, तेही असंच फसवतं. समतोलात दोन्हींची किंमत सारखी असते, म्हणूनच मिश्रण आहे. 63 पाठ करून पदरात काही पडत नाही.

कामाचा अभ्यास एका जागेचा असतो. बटनने (वाटणाऱ्याच्या जागेवरच्या, शेवटी पाळी येणाऱ्या खेळाडूने) 2.5 बिग ब्लाइंडने उघडलं, बिग ब्लाइंड भरलेल्या खेळाडूने कॉल केला, पॉट 5.5, दोघांच्या मागे 97.5. सॉल्व्हरमध्ये बेटचे आकार दोनच ठेवा, पॉटचा एक तृतीयांश आणि तीन चतुर्थांश. जास्त दिले की पर्यायांचं झाड फुगतं आणि मेमरी संपते. अचूकता पॉटच्या 0.5 टक्क्यांपर्यंत पुरते. राजा-7-2, तिन्ही वेगळ्या रंगांचे, अशा फ्लॉपवर (पहिल्या तीन सामाईक पानांवर) बटन जवळजवळ सगळ्या हातांनी छोटी बेट करतं. 8-7-6 वर तेच बटन बराच वेळ चेक करतं, कारण दोन जोड्या आणि सलग पाच पानं बिग ब्लाइंडकडे जास्त येतात. उत्तर उघडण्याआधी आपला अंदाज लिहून ठेवावा, नाहीतर सगळं आधीच माहीत होतं असं वाटतं. आणि रेंज (खेळाडूकडे असू शकणाऱ्या हातांची यादी) चुकीची दिली तर सॉल्व्हर कुरकुर करत नाही. चुकीचं उत्तर तितक्याच दशांशांसह देतो.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेद न करता पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मराठी खेळाडूसाठी जवळचं कायदेशीर टेबल आता गोव्यातल्या कॅसिनोत आहे आणि तिथे नोंद आपोआप होत नाही. तासाला 30 डाव धरले तरी 1,00,000 डावांना 3,300 हून जास्त तास लागतील. म्हणून निकाल सोडून निर्णयांची वही ठेवावी लागते : पोझिशन, दोघांचे स्टॅक (पुढ्यातली शिल्लक रक्कम), प्रत्येक टप्प्यावरचा पॉट आणि बेट, आणि त्या क्षणी समोरच्याला दिलेली रेंज. ती डाव संपल्या संपल्या लिहावी. समोरच्याचे पत्ते दिसल्यावर आपण कोणती रेंज धरली होती ते आठवणीत बदलत जातं.