गांजाविषयक शिक्षा व त्यांची सुधारणा : इंदूरच्या संदर्भात

गांजा बाळगणे, पिकवणे, वाहून नेणे, विकणे किंवा ओढणे यांबद्दल कायद्याने ठरवलेल्या शिक्षा, त्या अमलात आणताना पोलीस, न्यायालये व तुरुंग यांच्यावर पडणारा भार आणि हे दंडविधान अधिक नेमके करण्याचे प्रयत्न, असा या विषयाचा आवाका आहे. गांजाच्या दुष्परिणामांची चर्चा पुष्कळ होते. मात्र निकालापूर्वीच्या प्रक्रियेची किंमत क्वचितच मोजली जाते, आणि किरकोळ प्रकरणांत ती प्रत्यक्ष शिक्षेपेक्षा जड ठरू शकते.

भारतात या गुन्ह्यांना १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच व्यवहारात ‘एनडीपीएस कायदा’, लागू होतो. मूळ कायद्यात गांजासाठी कमाल ५ वर्षे कैद होती. १९८९ च्या दुरुस्तीने जामिनाच्या अटी कडक केल्या आणि २००१ च्या दुरुस्तीने शिक्षेची वाटणी वजनावर आणली. आज १ किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ मानला जातो व त्यासाठी कमाल १ वर्ष सक्तमजुरी होऊ शकते (२०१४ पूर्वी ही मर्यादा ६ महिने होती). त्याहून अधिक, पण २० किलोंपर्यंतच्या गांजाला कमाल १० वर्षे. आणि त्यापुढच्या ‘व्यापारी प्रमाणा’ला किमान १० व कमाल २० वर्षे कैद, शिवाय १ ते २ लाख रुपये दंड. २००१ पूर्वी अल्प प्रमाण स्वतःच्या सेवनासाठी होते असे आरोपीने दाखवल्यास वेगळी, सौम्य शिक्षा होती. आता सेवनाला स्वतंत्र कलम असले, तरी नुसत्या बाळगण्याच्या बाबतीत हेतूला तसे स्थान उरलेले नाही. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या शिकवण्यांसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलाच्या खिशात २० ग्रॅम सापडले आणि कॉलेजच्या फाटकाशी पुड्या विकणाऱ्याकडे २०० ग्रॅम सापडले, तर विक्री सिद्ध होवो वा न होवो, दोघांपुढची कमाल शिक्षा सारखीच असते. या कायद्याचा सर्वांत मोठा दोष प्रस्तुत लेखकाच्या मते हाच आहे.

मध्य भारताला गांजाचे नियमन नवे नाही. ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांतातील परवानाधारक लागवड इंदूरच्या दक्षिणेस, निमाडातील खंडव्याच्या परिसरात होत असे. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा चौकशी आयोगाने सुमारे १,२०० साक्षी नोंदवून, मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही व सरसकट बंदीपेक्षा कर आणि परवाना हा मार्ग बरा, असा निष्कर्ष काढला होता. पुढे १९६१ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारामुळे बंदीची दिशा पक्की झाली. मात्र फुलोऱ्याच्या टोकांशिवाय असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येबाहेर राहिल्या. म्हणून इंदूरहून तासाभराच्या अंतरावरील उज्जैनला पानांची भांग परवान्याच्या दुकानात राजरोस मिळते, आणि त्याच झाडाच्या शेंड्यांसाठी अटक होते.

ही व्याख्या काट्यावर कशी उतरते, हे पाहण्यासारखे आहे. इंदुरात पकडला जाणारा बराचसा गांजा ओडिशा व आंध्र प्रदेशाच्या सीमेवरील डोंगराळ पट्ट्यातून येतो. गठ्ठा फोडला की त्यात फुलोरा, पाने, काड्या, बिया एकत्रच दाबलेल्या असतात. त्या वेगळ्या न करता केलेले वजन १९ किलो ८०० ग्रॅम भरले, तर किमान शिक्षा नाही आणि जामिनाच्या कडक अटींचे कलम ३७ आड येत नाही; तेच २० किलो २०० ग्रॅम भरले, तर किमान १० वर्षे. त्यामुळे काड्या-पाने वगळली होती का, यावर जिल्हा न्यायालयात व उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे वाद रंगतात. जप्त मुद्देमाल सील करून मालखान्यात ठेवावा लागतो, कलम ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यासमोर त्याची यादी करून नमुने काढावे लागतात (२०२२ च्या नियमांनुसार गांजाचे २४ ग्रॅमचे दोन) आणि मग रासायनिक अहवालाची वाट पाहावी लागते. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणांत आरोपपत्रासाठी १८० दिवस मिळतात व ती मुदत वर्षापर्यंत वाढू शकते. पुढे पंच फितूर झाले किंवा सीलमध्ये तफावत निघाली, तर इतका सारा खर्च होऊन आरोपी सुटतो. मंदसौर, नीमच व रतलाम या अफूच्या जिल्ह्यांतील प्रकरणेही याच खंडपीठाकडे येत असल्याने इथला भार दुहेरी आहे.

खर्चाचा दुसरा भाग तुरुंगात आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे दोष सिद्ध न झालेले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये, गांजाच्याच एका प्रकरणात सात वर्षांहून अधिक काळ कोठडीत असलेल्या मोहम्मद मुस्लिम या आरोपीला जामीन देताना, खटला अवाजवी लांबला तर कलम ३७ जामिनाच्या आड येणार नाही, असे स्पष्ट केले. कुटुंबाला बसणारी झळ कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही : वकिलाची फी, जमानतदार शोधणे, दर पेशीला बुडणारी मजुरी, आणि पुढे नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत निघणारा जुना गुन्हा.

अमेरिकेत हा हिशेब उघडपणे मांडला गेला. अर्थशास्त्रज्ञ जेफ्री मिरॉन यांनी २००५ मध्ये, गांजाबंदी उठवल्यास सरकारी खर्चात वर्षाला ७.७ अब्ज डॉलर वाचतील, असा अंदाज दिला. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनच्या २०१३ च्या अहवालानुसार २००१ ते २०१० या काळात गांजासाठी झालेल्या सुमारे ८२ लाख अटकांपैकी ८८ टक्के केवळ बाळगल्याबद्दल होत्या, आणि सेवनाचे प्रमाण जवळपास सारखे असूनही कृष्णवर्णीयांना अटक होण्याची शक्यता गौरवर्णीयांच्या ३.७३ पट होती. कोलोराडो व वॉशिंग्टन यांनी २०१२ मध्ये प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये जुन्या शिक्षा कमी करण्याची वा नोंदी पुसण्याची सोयही केली. भारताने हे जसेच्या तसे उचलावे असे नाही, कारण कोवळ्या वयातील नियमित सेवनाचे मानसिक आरोग्यावरील धोके खरे आहेत. घ्यायची आहे ती हिशेब मांडण्याची पद्धत.

भारतातील बदल आतापर्यंत तुकड्यातुकड्यांनी झाले. २०१४ मध्ये पुनर्गुन्ह्यासाठीची सक्तीची फाशी ऐच्छिक झाली. खासदार धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये नैसर्गिक अमली पदार्थांबाबत सौम्य धोरण सुचवणारे खासगी विधेयक आणले. २०२० मध्ये तोफान सिंग खटल्यात कलम ६७ खाली अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यातून बाद ठरला. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात हेतूचा विचार परत आणणे आणि गठ्ठा वाहणारा हमाल व मालाचा मालक यांत फरक करण्याची मुभा न्यायाधीशाला देणे, हे दोन बदल अजून व्हायचे आहेत. तिसऱ्याला तर कायदाही बदलावा लागणार नाही. कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेण्यास तयार असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढता येते. अंगझडतीपूर्वी कलम ५० चा हक्क (राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा) जसा आरोपीला सांगावा लागतो, तशीच या तरतुदीची माहिती त्याला न्यायालयात पहिल्यांदा हजर करतानाच, त्याला समजेल अशा भाषेत दिली जावी.