डबल स्ट्रोक रोल आणि बझ रोल: कानाला जुळे, हाताला परके

स्नेअरवर (खालच्या बाजूला तारा ताणलेल्या, काठ्यांनी वाजवायच्या ड्रमवर) दोन्ही हात भरभर चालले की जो सलग थरथरता आवाज येतो, त्याला आपण सरसकट ‘रोल’ म्हणतो. त्यामुळे सरांनी वहीत ‘रोल, रोज दहा मिनिटं’ एवढंच लिहून दिलं असेल, तर घरी बसण्याआधी विचारून घ्यावं: कुठला? डबल स्ट्रोक रोल, ज्याला ओपन रोल किंवा उघडा रोल म्हणतात, की बझ रोल, म्हणजेच क्लोज्ड किंवा मल्टिपल बाउन्स रोल? वेगात वाजले की दोन्ही सारखेच वाटतात. पण एकाचा सराव करून दुसरा येत नाही. उलट चुकीच्या पद्धतीने केला, तर दोन्ही बिघडतात.

फरक मोजणीचा आहे. डबलमध्ये प्रत्येक हात नेमके दोन ठोके देतो: उ-उ-डा-डा (उ म्हणजे उजवा, डा म्हणजे डावा). किती ठोके पडले, हे शेवटी सांगता आलंच पाहिजे. म्हणून त्याची नावंही आकड्यांची असतात. फाइव्ह स्ट्रोक रोल म्हणजे उ-उ-डा-डा आणि शेवटी एकटा उ. बझमध्ये प्रत्येक हात काठीला हेडवर, म्हणजे ड्रमच्या ताणलेल्या पडद्यावर, अनेक बारीक उड्या मारू देतो. त्या किती, हे कोणी मोजत नाही आणि मोजायचंही नसतं. तिथे प्रश्न एवढाच, की एका हाताचा आवाज विरायच्या आत दुसऱ्याचा सुरू झाला का?

संगीत लिहायची लिपीही इथे फारशी मदत करत नाही. सुराच्या दांडीवरच्या तीन तिरक्या रेघा दोन्हींसाठी येतात. एक मात्रेच्या सुरावर त्या काटेकोर घेतल्या तर अर्थ होतो आठ ठोके, म्हणजे चार डबल. संचलनातल्या ड्रमवादनात त्या सहसा अशाच वाचतात, तर ऑर्केस्ट्रात बहुतेक वेळा तिथे बझ अपेक्षित असतो. दांडीवर ‘झेड’ काढलेला असेल, तर मात्र बझच. अमेरिकेतल्या रुडिमेंटच्या, म्हणजे ड्रमवादनातल्या मूलभूत धड्यांच्या, जुन्या यादीत (1933 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या) पहिला धडा लाँग रोलचा होता, म्हणजे डबलचा. 1984 च्या 40 रुडिमेंटच्या यादीत मात्र मल्टिपल बाउन्स रोल आणि डबल स्ट्रोक ओपन रोल स्वतंत्र क्रमांकांवर आहेत.

डबल हळू सुरू करावा. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) 60 बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून त्याच्या प्रत्येक ठोक्यात काठीचे चार स्ट्रोक. या वेगाला उसळीची गरज नसते. दोन्ही स्ट्रोक मनगटाने, सारख्या उंचीवरून. दोन मिनिटं न अडखळता गेलं की पाच बीपीएम वाढवा. एका टप्प्यावर मनगट आखडायला लागेल. तिथे पद्धत बदलते: पहिला स्ट्रोक मनगटाने टाकायचा, आणि काठी परत येताना मागची तीन बोटं तिला तळहाताकडे ओढून दुसरा स्ट्रोक काढतात. पकडीचा टेकू अंगठा आणि तर्जनीच्या मध्येच राहतो, पण तिथे दाबायचं नाही. 120 बीपीएमला एका ठोक्यात आठ स्ट्रोक, म्हणजे सेकंदाला सोळा. त्यासाठी प्रत्येक हाताने सेकंदाला चारच हालचाली करायच्या असतात. हे कळलं की डबलची भीती बरीच ओसरते.

डबल फसतो तो जवळपास नेहमी दुसऱ्या स्ट्रोकमध्ये. पहिल्यात जोर संपतो, दुसरा नुसता उसळीवर पडतो आणि अर्ध्या आवाजाचा येतो. ऐकणाऱ्याला ‘टाक्-त, टाक्-त’ असं लंगडं ऐकू येतं. उपाय तीन. दुसऱ्या स्ट्रोकवर मुद्दाम आघात द्या. मग क्रम उलटा करून उ-डा-डा-उ वाजवा, म्हणजे जोडी ठोक्यावर सुरू न होता मधूनच सुरू होते. आणि रोज दोन-तीन मिनिटं उशीवर वाजवा: तिथे उसळीच नसल्यामुळे दुसरा स्ट्रोक बोटांनाच काढावा लागतो. उशीवर अर्धा तास मात्र काढू नका. त्याने मनगट दुखतं, बाकी काही हाती लागत नाही. रबरी प्रॅक्टिस पॅडचं उलटं असतं. त्याची उसळी बऱ्याच ड्रमहेडपेक्षा जास्त असते, म्हणून पॅडवर आलेला डबल स्नेअरवर बसल्यावर हरवलेला दिसतो.

बझमध्ये सुरुवात एका हातापासून. काठी हेडवर टाकायची, तर्जनी-अंगठ्याची पकड किंचित घट्ट करायची, मागची बोटं ढिली सोडायची आणि काठीला हलकं वजन द्यायचं. आवाज जास्तीत जास्त वेळ टिकला पाहिजे. 60 बीपीएमला प्रत्येक ठोक्यावर एक बझ, उजव्याने सोळा, मग डाव्याने सोळा. दोन्हींची लांबी सारखी येईपर्यंत हात जोडू नयेत, कारण डावा सहसा तोकडा पडतो आणि जोडल्यावर तो तोकडेपणा झाकला जातो. मग दोन हात आळीपाळीने: ठोक्यात दोन, मग तीन, मग चार बझ. हातांचा वेग लयीशी बांधलेला असलाच पाहिजे असं नाही. मंद लयीत ठोक्याला चार हालचाली पुरतात, जलद लयीत तीनच बसतात.

जास्त दाबलं की काठी चिरडते: ‘झप्’ असा मेलेला, छोटा आवाज येऊन थांबतो. कमी दाबलं की दोन-तीन सुट्या उड्या ऐकू येतात. प्रत्येक हालचालीच्या सुरुवातीला वेगळा ठोका ऐकू येत असेल, तर हात वरून आपटतोय. उंची कमी करा. दोन्ही काठ्यांची टोकं जवळजवळ आणि काठापासून सारख्या अंतरावर हवीत, नाहीतर दोन हातांच्या आवाजाचा रंग वेगळा पडतो. हळू आवाजासाठी काठाकडे सरकायचं, मोठ्यासाठी मध्याकडे. पॅडवर बझ कोरडा वाटेल, कारण स्नेअरच्या तारांची साथ नसते. तो जमत नाही म्हणून निराश व्हायच्या आधी एकदा खऱ्या स्नेअरवर करून पाहावं.

आता गोंधळाचं मूळ. ‘डबल वेगात वाजवत राहा, आपोआप बझ होईल’ असा सल्ला खूप फिरतो, आणि तो चुकीचा आहे. डबल वेगात तुटायला लागला की विद्यार्थी नकळत काठी दाबतो. दोनाऐवजी तीन-चार उड्या पडतात आणि आवाज गुळगुळीत होतो. त्याला वाटतं, वेग आला. प्रत्यक्षात दोन स्ट्रोकवरचा ताबा सुटलेला असतो, आणि जे वाजतं तो धड बझही नसतो. शिक्षकाचा कान हे पकडतो. घरी ते काम फोनकडे द्यावं. वीस सेकंद रेकॉर्ड करून अर्ध्या वेगाने ऐका. प्रत्येक हाताचे दोन स्वच्छ ठोके आले तर डबल. धुरळा आला, पण सलग आला, तर बझ. मध्येच धुरळा, मध्येच ठोके, असं असेल तर मेट्रोनोम दहा बीपीएम खाली आणावा. दुसरी चाचणी ड्रमवरच होते: स्नेअरच्या तारा मोकळ्या करा. तारांच्या खरखरीत लपलेल्या फटी लगेच उघड्या पडतात.

शेवटही वेगळा ऐकू येतो. डबलचा शेवटचा ठोका हिशोबातच असतो. बझनंतर मात्र एक साधा टॅप, म्हणजे एकच सुटा ठोका, ठरल्या मात्रेवर पडावा लागतो आणि नवशिक्यांकडून त्याच्या आधी हमखास श्वासाएवढी फट राहते. म्हणून छोटे बझ घेऊन पुढच्या ठोक्यावर टॅपने थांबायचा सराव वेगळा करावा.

आणि टिंपनी, मॅरिम्बा किंवा टांगलेल्या झांजेवर रोल लिहिलेला असेल, तर सहसा या दोन्हींपैकी कुठलाच नको. तिथे उ-डा-उ-डा असा सिंगल स्ट्रोकच चालतो, कारण वाद्य स्वतःच घुमतं आणि काठीच्या उड्या त्या घुमाऱ्यात गोंधळ घालतात.