पोरवयातला पिकासो बार्सिलोनात कसा टिकला

बार्सिलोनाच्या मोंतकादा रस्त्यावरच्या पिकासो संग्रहालयात शिरताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणारी त्याची घनवादी चित्रं असतात. आत भेटतं ते 14-15 वर्षांच्या मुलाचं काम: प्लास्टरच्या नमुन्यांवरून केलेली रेखाटनं, आईचं पेस्टल, वडिलांच्या कितीतरी छबी. इतकं कोवळ्या वयातलं काम एका जागी राहिलं, यामागे त्याच्या घरच्यांचा मोठा वाटा आहे.

पाब्लोचा जन्म 25 ऑक्टोबर 1881चा, मालागाचा. वडील होसे रुइझ ब्लास्को चित्रकलेचे शिक्षक. कबुतरं रंगवण्याची त्यांना भारी हौस. 1891 मध्ये नोकरीपायी कुटुंब ला कोरुन्याला गेलं. तिथे जानेवारी 1895 मध्ये धाकटी कोंचिता घटसर्पानं दगावली. त्याच वर्षी वडिलांना बार्सिलोनाच्या ल्योत्जा कलाशाळेत जागा मिळाली आणि मुलगाही तिथेच शिकू लागला.

जन्मजात प्रतिभेच्या कथा पिकासोभोवती पुष्कळ आहेत. मला मात्र ही दालनं शिस्तीची वाटतात. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून छायाप्रकाश घोटायचा, ही युरोपातल्या कलाशाळांची रीत; आपल्या जे. जे. स्कूलमध्येही ती रुजली होती. त्या तालमीचं फळ म्हणजे 1897चं ‘विज्ञान आणि करुणा’. जवळजवळ दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद कॅनव्हास, खाटेवर आजारी बाई, एका बाजूला नाडी पाहणारा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला मूल कडेवर घेतलेली नन. डॉक्टरसाठी वडीलच बसले होते. विषयही त्या काळच्या प्रदर्शनांना रुचणारा. माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात या चित्राचा सन्माननीय उल्लेख झाला. रंगवणारा तेव्हा 15 वर्षांचा होता.

त्याच वर्षी तो माद्रिदच्या सान फेर्नान्दो अकादमीत दाखल झाला, पण तिथे त्याचं मन लागलं नाही. प्रादो संग्रहालयात उभं राहून त्यानं जुना स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ यानं काढलेल्या राजा चौथ्या फेलिपेच्या चित्राची नक्कल केली. ती इथे आहे. पुढे 1957 मध्ये वेलास्केझच्याच ‘लास मेनिनास’ या चित्रावरून त्यानं 58 चित्रांची मालिका रंगवली. ती याच वास्तूत आहे, हे फार उचित वाटतं.

पिकासो पॅरिसला स्थायिक झाला. जुनी कामं बार्सिलोनात आईनं आणि नंतर बहीण लोलाच्या कुटुंबानं जपली. संग्रहालयाची कल्पना मात्र त्याचा तरुणपणापासूनचा मित्र आणि चिटणीस जाउमे साबार्तेसची. 1963 मध्ये ते उघडलं ते ‘साबार्तेस संग्रह’ या नावानं, कारण स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीला पिकासोचं नाव खपत नव्हतं. साबार्तेस 1968 मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ पिकासोनं ‘लास मेनिनास’ची मालिका दिली आणि 1970 मध्ये घरात जपलेली नऊशेहून अधिक कामं. फ्रँको असेतो स्पेनमध्ये पाऊल ठेवणार नाही, या निश्चयामुळे हे संग्रहालय त्याला कधीच पाहता आलं नाही.

या काळातलं एक मोठं चित्र तिथेही सापडत नाही. ‘अखेरचे क्षण’ हे मृत्युशय्येचं तैलचित्र 1900 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लागलं होतं. 1903 मध्ये पिकासोनं त्याच कॅनव्हासवर ‘ला व्ही’ रंगवलं. ते आज अमेरिकेत, क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे, आणि खालचं चित्र क्ष-किरणांतच दिसतं.