नबाब, नकारघंटा आणि दुपारचा रेडिओ

११ सप्टेंबर १९७० रोजी सॅन डिएगोमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या मेळाव्यात अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पिरो अ‍ॅग्न्यू बोलायला उभे राहिले आणि ‘नॅटरिंग नेबॉब्ज ऑफ निगेटिव्हिझम’ असं म्हणाले. मराठीत सांगायचं तर नकारघंटा बडवणारे बडबडे नबाब. ‘नेबॉब’ हा आपल्याकडचाच नबाब. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत गब्बर होऊन मायदेशी परतलेल्या साहेबांना इंग्लंडात या नावानं हिणवत. विल्यम सफायर या भाषणलेखकानं ‘न’चा अनुप्रास जुळवण्यासाठी तो शब्द उचलला. खरं म्हणजे अ‍ॅग्न्यूंचा रोख सगळ्याच निराशावाद्यांवर होता, पण ते वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं ते पत्रकारांवरचं म्हणून.

त्याला कारण होतं. दहा महिन्यांपूर्वी, १३ नोव्हेंबर १९६९ ला, आयोवातल्या डे मॉइन शहरात अ‍ॅग्न्यूंनी टीव्हीच्या बातम्यांवर थेट हल्ला चढवला होता. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये बसलेली, कोणीही निवडून न दिलेली मूठभर माणसं चार-पाच कोटी अमेरिकनांनी रोज रात्री काय पाहायचं ते ठरवतात, हा त्यांचा मुद्दा. ते भाषण लिहिलं होतं निक्सन यांचे भाषणलेखक पॅट ब्युकॅनन यांनी. गंमत म्हणजे ज्या तीन वाहिन्यांना शिव्या घातल्या, त्यांनीच ते थेट दाखवलं.

अमेरिकेतल्या उजव्या राजकीय भाष्याचा इतिहास सांगताना बहुतेकजण विचारसरणीपासून सुरुवात करतात: कमी कर, लहान सरकार, चर्च, बंदूक. मला वाटतं, ‘माध्यमं आपल्या विरोधात आहेत’ या रागापासून सुरुवात केली तर तो जास्त कळतो. या रागात बरंचसं सोयीचं होतं, पण सगळंच खोटं नव्हतं.

रेडिओवरून राजकारण तापवण्याचा पहिला मोठा प्रयोग एका धर्मगुरूचा. मिशिगनमधले फादर चार्ल्स कॉगलिन १९३२ मध्ये रूझवेल्टच्या बाजूनं बोलत होते, दोन वर्षांत उलटले आणि १९३८ पर्यंत उघड ज्यूद्वेषावर उतरले. त्यांचे श्रोते कोटींच्या घरात मोजले जात. १९४२ मध्ये त्यांच्या बिशपनं त्यांना गप्प केलं. रेडिओ हातात आला की एखादा माणूस काय करू शकतो, याची धास्ती मात्र मागे राहिली.

१९४९ मध्ये रेडिओ-टीव्हीला परवाने देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं, म्हणजे एफसीसीनं, ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ आणलं. रेडिओ लहरी मोजक्या, त्या जनतेच्या मालकीच्या. म्हणून परवानाधारकानं सार्वजनिक महत्त्वाचे वादविषय हाताळायचे आणि दोन्ही बाजूंना जागा द्यायची. कागदावर याला नाव ठेवायला जागा नाही. व्यवहारात काय झालं ते पेन्सिल्व्हेनियातल्या रेड लायन नावाच्या छोट्या गावात दिसतं.

१९६४ ची अध्यक्षीय निवडणूक. रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर सपाटून हरले, पन्नासपैकी फक्त सहा राज्यं मिळाली. त्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात माजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सनसनाटी स्तंभलेखकांना चिमटा काढला, तेव्हा प्रतिनिधी उठून पत्रकारांच्या कक्षाकडे मुठी नाचवू लागले होते. निवडणुकीनंतर काही आठवड्यांतच बिली जेम्स हार्गिस या उजव्या धर्मोपदेशकानं आपल्या पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात फ्रेड कुक या पत्रकाराला झोडपलं. कुकनं गोल्डवॉटरविरोधी पुस्तक लिहिलं होतं. रेड लायनच्या केंद्रानं तो कार्यक्रम लावला. कुकनं उत्तरासाठी फुकट वेळ मागितला, केंद्रानं दरपत्रक धाडलं. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ मध्ये कोर्टानं एकमतानं केंद्राविरुद्ध निकाल दिला. फेअरनेस डॉक्ट्रिनवर घटनात्मक शिक्का बसला.

खरी गोष्ट पुढे आहे. १९७५ मध्ये सीबीएस न्यूजचे माजी अध्यक्ष फ्रेड फ्रेंडली यांनी शोधून काढलं की कुकची मागणी ही एकट्या दुखावलेल्या लेखकाची धडपड नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या माणसांनी उजव्या प्रसारकांचे कार्यक्रम ऐकून, टिपणं काढून, केंद्राकेंद्राला उत्तराच्या मागण्या पाठवण्याची मोहीमच चालवली होती. बिल रूडर या केनेडी सरकारातल्या माजी अधिकाऱ्यानं तर उघड कबुली दिली: फेअरनेस डॉक्ट्रिनचा वापर करून उजव्या प्रसारकांना सतावायचं, इतकं की हे प्रकरण त्यांना परवडेनासं व्हावं. समतोलासाठी केलेल्या नियमाची सत्तेतल्या पक्षानं अशी काठी केली होती.

कार्ल मॅकइंटायर या दुसऱ्या धर्मोपदेशकाच्या केंद्राचा तर परवानाच गेला. मग १९७३ मध्ये त्यांनी न्यूजर्सीच्या केप मे किनाऱ्यापलीकडे एक बोट नांगरली आणि समुद्रातून प्रसारण सुरू केलं. काही तासच ते चाललं. हे पाद्रीबुवा समतोल विचारांचे मुळीच नव्हते. त्यांची भाषणं आज वाचवत नाहीत. पण ‘सरकार आपलं तोंड दाबतंय’ असं त्यांच्या श्रोत्यांना वाटलं असेल, तर ते अगदीच भ्रमिष्ट होते असं म्हणता येत नाही.

४ ऑगस्ट १९८७ ला एफसीसीनं हे डॉक्ट्रिन रद्द केलं. त्याआधी जूनमध्ये तिथल्या संसदेनं त्याचा कायदा करायचा प्रयत्न केला होता, अध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला. आज विसरलं जातं, पण हा नियम राहावा म्हणणाऱ्यांत न्यूट गिंग्रिच आणि फिलिस श्लाफ्ली यांच्यासारखे कट्टर उजवेही होते. तीन मोठ्या वाहिन्यांत आपल्याला थोडीफार जागा मिळते ती या नियमामुळेच, असा त्यांचा हिशेब. तो साफ चुकला.

जवळजवळ वर्षभरानं, १ ऑगस्ट १९८८ ला, रश लिंबॉ यांचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला ५६ केंद्रं, दुपारी बारा ते तीन. मिसुरीतल्या केप जिराडोचा हा मुलगा, गाणी लावणारा रेडिओ निवेदक, कित्येकदा नोकरीवरून काढलेला. सॅक्रामेंटोच्या केंद्रावर त्याला आवाज सापडला. नियम उठला म्हणून लिंबॉ आले, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं बाजाराचं. संगीत एव्हाना एफएमवर गेलं होतं, तिथला आवाज स्वच्छ. एएम केंद्रांकडे खर्खर आणि रिकामे तास उरले होते. उपग्रहामुळे एक कार्यक्रम शेकडो केंद्रांना पोचवणं स्वस्त झालं. लिंबॉंच्या निर्मात्यांनी केंद्रांना सांगितलं: पैसे देऊ नका, फक्त आमच्या जाहिरातींसाठी काही मिनिटं द्या. ओस पडलेल्या दुकानात कोणी फुकट माल भरून देत असेल, तर नको कोण म्हणेल? काही वर्षांत केंद्रं सहाशेवर गेली.

आपल्याकडे याची कल्पना करणं अवघड जातं, कारण खासगी एफएम २००१ पासून असलं तरी त्याला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी मिळाली नाही, तिथे गाणी आणि गप्पाच. अमेरिकेत मात्र ट्रक चालवणारा, दुकानात बसलेला, शेतात ट्रॅक्टरवर असलेला माणूस रोज तीन तास एकच आवाज ऐकू लागला. लिंबॉ विनोदी होते, नकला करत, स्वतःचीच अवाच्या सवा स्तुती करत. फोन करणारा आधी लांबलचक कौतुक करायचा. वेळ वाचावा म्हणून ‘डिट्टो’ म्हणायची पद्धत पडली आणि श्रोते स्वतःला अभिमानानं ‘डिट्टोहेड’ म्हणवू लागले. मराठीत ‘री ओढणारे’ ही शिवी आहे. तिथे ती बिरुदावली झाली.

जून १९९४ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी विमानातून सेंट लुइसच्या एका केंद्रावर तक्रार केली की लिंबॉ आता तीन तास बोलतील आणि मला उत्तर द्यायला जागाच नाही. सात वर्षांपूर्वी रद्द झालेल्या नियमाची ही हळहळ होती. नोव्हेंबरात रिपब्लिकनांनी ५४ जागा जास्त जिंकून चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह काबीज केलं आणि नव्या खासदारांनी लिंबॉंना आपल्या तुकडीचं मानद सदस्यत्व बहाल केलं.

टीव्हीवर हे आणलं रॉजर एल्स यांनी. १९६८ मध्ये निक्सनना टीव्हीसाठी तयार करणारे, पुढे लिंबॉंच्या टीव्ही कार्यक्रमाचे निर्माते. रूपर्ट मर्डॉक यांच्या पैशावर ७ ऑक्टोबर १९९६ ला फॉक्स न्यूज सुरू झाली, ‘फेअर अँड बॅलन्स्ड’ हे घोषवाक्य घेऊन. रद्द झालेल्या नियमातला शब्द आता जाहिरातीत आला होता. २००० च्या निवडणुकीच्या रात्री २ वाजून १६ मिनिटांनी फॉक्सनं सर्वात आधी फ्लोरिडा बुशना देऊन टाकलं. मतांचे आकडे पाहून तो निर्णय घेणाऱ्या गटाचे प्रमुख जॉन एलिस हे बुश यांचे सख्खे आतेभाऊ. बाकीच्या वाहिन्या काही मिनिटांत मागोमाग धावल्या आणि दोनेक तासांनी सगळ्यांनाच शब्द मागे घ्यावे लागले. त्या रात्रीबद्दल फॉक्सचे प्रेक्षक कुरकुरले नाहीत.

वीस वर्षांनी ते चिडले. ३ नोव्हेंबर २०२० च्या रात्री ११ वाजून २० मिनिटांनी फॉक्सच्या आकडेतज्ज्ञांनी अ‍ॅरिझोना बायडेन यांना दिलं. शेवटी तिथलं मताधिक्य साडेदहा हजारांच्या आसपास निघालं, अंदाज टिकला. पण प्रेक्षक न्यूजमॅक्स या आणखी उजव्या वाहिनीकडे पळू लागले. निकाल बरोबर सांगणारे ख्रिस स्टायरवॉल्ट जानेवारीत नोकरीबाहेर होते. दरम्यान डोमिनियन कंपनीच्या मतदानयंत्रांनी मतं फिरवली, हा आरोप त्याच वाहिनीवर आठवडेच्या आठवडे घुमला. कोर्टात जे अंतर्गत संदेश बाहेर आले त्यांत मोठमोठे निवेदक खासगीत त्या आरोपांची टर उडवताना दिसतात. १८ एप्रिल २०२३ ला फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन डोमिनियनचा बदनामीचा खटला मिटवला. मूठभर लोक तुम्हाला खरं सांगत नाहीत, ही अ‍ॅग्न्यूंची तक्रार होती. इथे खरं सांगितलेलं गिऱ्हाईकालाच नको होतं, आणि दुकानदाराला ते ठाऊक होतं.

सरकारी नियमांची काठी मात्र मोडीत निघाली नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नेमलेले एफसीसीचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी जिमी किमेल या विनोदी सूत्रसंचालकाच्या शेऱ्यावरून एबीसी वाहिनीला सुनावलं: हे सरळ मार्गानं होऊ शकतं किंवा वाकड्या. काही तासांत कार्यक्रम बंद पडला. उजव्या गोटातून सर्वात खणखणीत विरोध टेड क्रूझ यांचा. टेक्सासचे हे सिनेटर म्हणाले की ही माफियाची भाषा आहे, आणि उद्या डेमोक्रॅट सत्तेवर आले की हेच आपल्यावर उलटेल. हे ते बोलले स्वतःच्या पॉडकास्टवर, ज्याला कुठलाच परवाना लागत नाही. सहा दिवसांनी किमेल पडद्यावर परतले, तेव्हा त्यांनी ज्यांचे आभार मानले त्यांत क्रूझ यांचंही नाव होतं.