टपाल उतरवून घेण्याची सवय

जळगावच्या एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात किंवा एखाद्या डाळमिलच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, की मेलसाठी कुठला प्रोग्रॅम चांगला हे फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते ‘जुने मेल यात येतील ना?’ धुळ्याकडचा शेठ असेल तर थेट अहिराणीत ‘मन्हा मेल कथा गयात?’ (माझे मेल कुठे गेले?) या धास्तीचं मूळ डायलअपच्या दिवसांत आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा ते मोजक्या महानगरांपुरतंच होतं. पुढे ते आपल्याकडे आलं तेही टेलिफोनच्या तारेवरून. मोडेम चित्कारत जोडला जाई, ऑफिसचा फोन अडकून पडे आणि बिल मिनिटागणिक चढे. अशा वेळी पीओपी ही पद्धत सोयीची होती. लाइन जोडायची, सर्व्हरवरचं टपाल आपल्या हार्ड डिस्कवर उतरवायचं, लाइन तोडायची, मग चहा घेत वाचायचं. उतरवलेलं टपाल सर्व्हरवरून सहसा पुसलं जाई. म्हणजे मूळ प्रत एकच, तीही टेबलाखालच्या डब्यात. मूळ पत्र सर्व्हरवरच ठेवणारी आयमॅप पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८६ सालीच आणली होती. पण तिला बराच वेळ जोडणी आणि सर्व्हरवर ऐसपैस जागा लागे, आणि दोन्हींना पैसे पडत.

प्रोग्रॅमची निवड त्याहून साधी झाली. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये लिहिलेला यूडोरा जगभर नावाजला होता, पण विंडोजबरोबर आउटलुक एक्स्प्रेस आयता मिळत असताना वेगळं शोधायला कोण जातं? त्यात एका फोल्डरची एकच फाइल बने आणि ती २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नसे. फाइल आवळण्याचं काम चालू असताना वीज गेली, तर आतलं टपाल गेलंच म्हणा. आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज कधी जाईल हे सांगायला नको. टॅलीचा डेटा रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर घेणारे मुनीमजी मेलच्या बॅकअपकडे मात्र वळून पाहत नसत.

२००४ मध्ये चित्र पालटलं. १ एप्रिलला जीमेल आलं ते १ जीबी जागा घेऊन. लोकांना ती एप्रिल फूलची थट्टाच वाटली. डिसेंबरात थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमची पहिली पूर्ण आवृत्ती आली, फुकट आणि खुल्या सोर्सची. आयमॅप परवडण्याजोगं झालं, पण जुन्या सेटिंगला हात लावायची हिंमत होईना. (चालतंय ना, मग छेडू नका, हा आमचा कारागिरी बाणा.)

धक्का मग बाहेरून बसला. ३० मे २०२२ पासून गूगलने नुसत्या पासवर्डवर मेल उचलणाऱ्या प्रोग्रॅमना नकार द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टनेही कंपन्यांच्या ऑनलाइन मेलसाठी तेच केलं. नवी पडताळणी न येणारे जुने प्रोग्रॅम एकेक करून गप्प झाले. विंडोज १० मधलं साधं मेल ॲपही ३१ डिसेंबर २०२४ ला बंद पडलं.

त्यामुळे आज विश्वासाचा प्रोग्रॅम निवडताना मी दोनच गोष्टी आधी पाहतो: तो आयमॅपवर नीट चालतो का, आणि साठवलेलं टपाल दुसरीकडे नेता येईल अशा स्वरूपात देतो का. बाकी रंगरूप नंतर. तरीही कित्येक ऑफिसांत कोपऱ्यात एक जुना डबा प्लगला लावलेला असतोच. २००९ ची एखादी ऑर्डर शोधायची वेळ आली, तर ती त्यातच सापडते.