भाईंदरच्या अक्षांशावरची पांढरी पुळण

नकाशावर भाईंदरजवळच्या उत्तनवर बोट ठेवा आणि सरळ पश्चिमेला सरकत जा. आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून कॅरिबियन समुद्रात शिरलात की बोट ग्रँड केमन बेटावरच्या जॉर्ज टाउनवर येतं. दोन्ही ठिकाणं १९ अंशांच्या जरा वर आहेत. म्हणजे ऊन तेच, डोक्यावरचा सूर्य तोच. पण उत्तनला पाणी गढूळ आणि वाळू करडी, तर जॉर्ज टाउनलगतच्या सेव्हन माइल बीचवर वाळू पांढरी आणि पाणी असं नितळ की गळाभर खोलीतही पायाची बोटं दिसावीत. क्रूझवरून काही तासांसाठी उतरलेली मंडळी फोटो काढतात ते याच पाण्याचे. (नावातले सात मैल भरत नाहीत, सहाच्या आतच संपतात. पर्यटनात तेवढं चालतं.)

हा फरक पडतो नद्यांमुळे. कोकणात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या बेसॉल्ट झिजवून गाळ आणतात, आणि मुंबईची चार-पाच मीटरची भरती-ओहोटी तो दिवसातून दोनदा ढवळते. ग्रँड केमन हे चुनखडीचं सपाट बेट आहे. पावसाचं पाणी खडकात मुरतं, त्यामुळे तिथे नदीच नाही. भरती जेमतेम फूटभर. गाळ नाही, पोषक द्रव्यं कमी, म्हणून पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळही कमी. अशा पाण्यात उजेड खोलवर जातो, त्यातला तांबडा भाग पाणी शोषून घेतं आणि उरलेला निळा पांढऱ्या तळावरून परत वर येतो.

मग नदी नसताना वाळू आली कुठून? ती तिथल्या जीवांनी तयार केली आहे. मूठभर वाळू तळहातावर घेऊन नीट बघा. चपट्या, कॉर्नफ्लेक्सच्या चुऱ्यासारख्या पांढऱ्या चकत्या दिसतील. त्या हॅलिमेडा नावाच्या हिरव्या शेवाळाच्या. हे शेवाळ आपल्या अंगात चुना साठवतं. त्याला रात्रीतून नवी पाकळी फुटते आणि जुन्या गळून तळाशी साचतात. बाकीचे कण शिंपल्यांचे, प्रवाळांचे आणि फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांचे. त्यात पोपटमाशाचा हातभार मोठा. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळाचा खडक खरवडतो, घशातल्या दुसऱ्या दातांनी दळतो, त्यातलं शेवाळ पचवतो आणि चुन्याचं पीठ मागून सोडून देतो. हनिमूनचे फोटो काढणाऱ्यांना हे त्या क्षणी सांगू नये.

पडताळा घ्यायचा तर पेल्यात चिमूटभर वाळू टाकून वर व्हिनेगर ओता. कॅल्शियम कार्बोनेट विरघळून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत फक्त शिंपल्यांचे तुकडे फसफसतील. काळे कण ढिम्म राहतील, मात्र त्यांतले काही लोहचुंबकाला चिकटतील.

पांढरी वाळू उजेड परतवते, म्हणून भर दुपारीही तिथे पाय कमी भाजतात. पण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरणही परतवते आणि लाटांचा फेस त्याहून जास्त. छत्रीखाली पहुडलेला माणूस संध्याकाळी लालबुंद होऊन जहाजावर परततो तो त्यामुळे.

आता वाऱ्याचं. या भागात वर्षाचा बहुतेक काळ व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. बेटाची पश्चिम बाजू आडोशाला पडते आणि तिथे पाणी शांत राहतं. म्हणून सेव्हन माइल बीच पश्चिमेला, आणि मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावरचे क्रूझचे धक्केही पश्चिमेलाच. २०११पासून अटलांटिकमधून सरगॅसम या तपकिरी शेवाळाचे तांडे येऊ लागलेत. २०१८मध्ये त्यांचा पट्टा पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत ८,८५० किलोमीटर पसरला होता आणि त्याचं वजन दोन कोटी टनांवर गेलं होतं. किनाऱ्यावर ते कुजलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्याचा वास येतो. ही घाण मुख्यतः वाऱ्यासमोरच्या किनाऱ्यांच्या वाट्याला येते. पश्चिमेला उतरलेल्या पाहुण्याला बरेचदा तिचा पत्ताही नसतो.

हिवाळ्यात मात्र कधीकधी वारा वायव्येकडून उलटा येतो. जॉर्ज टाउनला क्रूझ जहाजं लागतील असा धक्का नाही. ती बाहेर नांगर टाकतात आणि छोट्या बोटी माणसं किनाऱ्यावर आणतात. अशा दिवशी त्या बोटी दक्षिणेच्या स्पॉट्स बंदराकडे वळवाव्या लागतात. पश्चिमेची वाळूही याच लाटा ओढून नेतात. एरवी ती हळूहळू परत येते, पण किनाऱ्याला खेटून भिंती बांधल्या की लाट भिंतीवर आपटून आणखी वाळू घेऊन मागे फिरते. सेव्हन माइल बीचच्या दक्षिण टोकाला आज काही हॉटेलांच्या भिंतीला थेट पाणी लागतं. चादर अंथरायची तर उत्तरेकडे जावं लागतं.