इश्माएल बीआची गोष्ट सुरू होते त्याच्या आधी

इश्माएल बीआ हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचा मुलगा, तेराव्या वर्षी हातात एके-४७, सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमात भाषण, २००७ मध्ये आत्मकथन आलं आणि त्याच वर्षी युनिसेफने त्याला युद्धात सापडलेल्या मुलांच्या बाजूने बोलणारा माणूस म्हणून नेमलं. एवढं चार ओळीत सांगितलं की एकदम फिल्मी वाटतं, पोरगं वाया गेलं, मग कुणीतरी भलं माणूस भेटलं आणि सुधारलं. माझी तक्रार इथेच आहे. त्याच्या आठवणी वाचताना आपण रक्तपाताच्या पानांवर थांबतो, आणि मुलं लढाईत लागलीच कशाला आणि परत आली तेव्हा त्यांना घेणारं घर होतं का, हे दोन प्रश्न तसेच राहतात. खरी पार्श्वभूमी तीच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात हिऱ्यांपासून करावी लागते. पूर्वेकडच्या कोनो भागात १९३० मध्ये हिरे सापडले, आणि हे हिरे खोल खाणीतले नाहीत, नदीच्या गाळात मिळणारे आहेत. फावडं, चाळणी आणि कमरेइतक्या पाण्यात दिवसभर उभा राहणारा माणूस असला की झालं. मोठी यंत्रं लागत नाहीत, म्हणजे ज्याच्याकडे बंदूक त्याचा खड्डा, इतकं सरळ गणित. ब्रिटिशांच्या काळात एका कंपनीला मक्ता होता, १९६१ ला स्वातंत्र्य मिळालं, पुढे १९६८ पासून १९८५ पर्यंत सायका स्टीव्हन्सची सत्ता. १९७८ मध्ये त्याने देश एकपक्षीय करून टाकला, हिऱ्यांचा पैसा स्वतःच्या माणसांत फिरवला, देशातली रेल्वे बंद करून टाकली (विरोधकांच्या भागातून जात होती म्हणून, असं तिकडे आजही बोललं जातं). त्याच्यानंतर आलेल्या मोमोहच्या काळात तर शिक्षकांचे पगारच निघेनात, शाळा ओस पडल्या. शाळा नाही, काम नाही, शेतीत जावं तर जमीन आणि लग्न दोन्ही गावच्या प्रमुखांच्या हातात, अशी पोरं गावोगाव बसून होती.

यात उतरला फोडे सांको. सैन्यातला माजी कॉर्पोरल, १९७१ च्या बंडात अडकून तुरुंगात गेलेला, सुटल्यावर फोटो काढून पोट भरणारा. लिबियात ट्रेनिंग, शेजारच्या लायबेरियातला बंडखोर नेता चार्ल्स टेलर याचं पाठबळ, आणि २३ मार्च १९९१ ला सीमेजवळच्या कैलाहून जिल्ह्यातल्या बोमारू गावावर हल्ला. त्याच्या संघटनेचं नाव रिव्होल्युशनरी युनायटेड फ्रंट, सगळे आरयूएफ म्हणतात. भाषा गरिबांच्या क्रांतीची होती पण पहिले मेले ते गरीबच.

आरयूएफने मुलं पळवायला सुरुवातीपासूनच घेतली. स्मॉल बॉईज युनिट नावाच्या तुकड्याच होत्या. पळून जाऊ नये म्हणून काही पोरांच्या छातीवर, हातावर ब्लेडने आरयूएफ ही अक्षरं कोरली जायची. म्हणजे पळून गेलं तरी समोरचा सैनिक शर्ट उघडून बघणार आणि जागच्या जागी गोळी घालणार, परतीची वाट अंगावरच बंद. लढाईनंतर हे व्रण शस्त्रक्रियेने काढून द्यायचा कार्यक्रम चालवावा लागला, ही गोष्ट मला आकड्यांपेक्षा जास्त सांगून जाते.

आता जे बरेच वाचक विसरतात ते. बीआ आरयूएफमध्ये नव्हता, तो सरकारी सैन्याकडून लढला. एप्रिल १९९२ मध्ये सैन्यातल्या २५ वर्षांच्या व्हॅलेंटाईन स्ट्रासरने सत्ता घेतली, हाताशी छोटंसं सैन्य होतं ते घाईघाईत वाढवलं, आणि त्या घाईत रस्त्यावरची, छावण्यांतली, आईबाप गमावलेली पोरं भरती झाली. काही सैनिक दिवसा सरकारचे आणि रात्री लुटारूंचे, असा प्रकार. गावांनी स्वतःच्या रक्षणासाठी कमाजोर म्हणवणाऱ्या शिकाऱ्यांची दलं उभी केली, त्यांच्यातही मुलं होतीच. म्हणजे 'वाईट बंडखोर मुलं पळवतात' हे अर्धंच खरं, तिन्ही बाजूंना मुलं सोयीची होती. पगार मागत नाहीत, कमी खातात, मरणाची भीती अजून पुरती कळलेली नसते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जायला दुसरी जागा नसते.

बीआच्या सांगण्यानुसार तो थोरला भाऊ आणि मित्रांसोबत शेजारच्या गावातल्या टॅलेंट शोसाठी घरून निघाला होता, ही पोरं रॅप करायची, खिशात कॅसेट्स. मागे त्यांच्या गावावर हल्ला झाला आणि घर संपलं. मग महिनोन्महिने जंगलातून भटकंती, प्रत्येक गावात यांनाच बंडखोर समजून धरायचे. एकदा एका गावच्या प्रमुखाने ती कॅसेट लावायला सांगितली, पोरं नाचून दाखवायला लागली तेव्हा कुठे सुटका. शेवटी सैन्याच्या ताब्यातल्या गावात आसरा मिळाला, आणि काही दिवसांनी सांगण्यात आलं की लढा नाहीतर इथून निघा, बाहेर काय आहे तुम्हाला माहितीये. याला भरती म्हणायचं का? पुढचं सगळं ठरलेलं होतं. पांढऱ्या गोळ्या, गांजा, कोकेनमध्ये बंदुकीची दारू मिसळून केलेलं 'ब्राऊन ब्राऊन', रात्री मारधाडीचे सिनेमे, झोप जवळजवळ नाहीच, आणि सतत एकच वाक्य कानावर, यांनीच तुमच्या आईबापांना मारलं. तेरा वर्षांच्या पोराचं दुःख घेऊन त्याचं इंधन करायचं हे काम अधिकारी लोक अगदी शांत डोक्याने करत होते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका वृत्तपत्राने त्याच्या तारखांवर शंका घेतली. तो म्हणतो हल्ला १९९३ चा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे १९९५ चा, म्हणजे दोन वर्षं नाही तर काही महिनेच तो सैनिक होता. बीआ आणि प्रकाशक आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. माझं मत विचाराल तर तपासणं योग्यच होतं, कारण अशा आठवणींवर धोरणं ठरतात, पण ड्रग्जमध्ये बुडालेल्या पोराकडून कॅलेंडर मागणं आणि त्यावरून सगळंच खोटं ठरवणं हे फार सोपं काम आहे. मुलं सैन्यात होती, वेगळ्या मार्गांनी, वेगळ्या साक्षींतून ते सिद्ध झालंय.

१९९६ च्या सुरुवातीला युनिसेफची माणसं आली आणि अधिकाऱ्याने काही पोरं वेगळी काढून ट्रकमध्ये बसवली. पोरांना ती सुटका वाटली नाही, आपल्याला घरातून हाकलतायत असं वाटलं. राजधानी फ्रीटाऊनमधल्या बेनिन होम नावाच्या केंद्रात त्यांना ठेवलं. त्याआधी दुसऱ्या एका केंद्रात दोन्ही बाजूंची पोरं एकत्र आणून बसवली होती, कुणीतरी विचारलं तू कुठल्या बाजूचा आणि लपवून आणलेली हत्यारं बाहेर आली, काही पोरं मेलीसुद्धा असं तो लिहितो. नंतरचे आठवडे ड्रग्ज सुटण्याचे, डोकं फुटेल असं दुखणं, काचा फोडणं, कर्मचाऱ्यांना मारहाण. वह्या-पुस्तकं दिली ती पेटवली, परत दिली तर बाजारात नेऊन विकली. कर्मचारी तरी दुसऱ्या दिवशी परत यायचे आणि म्हणायचे यात तुझी चूक नाही, आणि पोरांना त्या वाक्याचीच चीड. बदल घडला तो एका नर्समुळे, तिने त्याला वॉकमन आणि रॅपची कॅसेट आणून दिली. तो गाणी ऐकत असताना तपासणी करायची, मधेच एखादा प्रश्न विचारायचा, उत्तर नाही दिलं तरी चालायचं.

मग काका सापडला, ज्याला तो आधी नीट ओळखतही नव्हता, पण काकाच्या घराने त्याला पोटच्या पोरासारखं घेतलं. याच केंद्रातल्या एका मित्राला घरच्यांनी घेतलं नाही, तो परत लढाईवर गेला. एकच केंद्र, तीच गोळ्या-औषधं, तेच वाक्य, फरक फक्त दाराचा. मला या सगळ्या प्रकरणात यापेक्षा महत्त्वाची ओळ सापडलेली नाही. आणि काकाचं घरही टिकलं नाही, २५ मे १९९७ ला राजधानीत बंड झालं, बंडवाल्या सैनिकांनी आरयूएफलाच शहरात बोलावून घेतलं, काका आजारी पडून उपचाराविना गेला, आणि परत बंदूक हातात येईल या भीतीने बीआ गिनीमार्गे निसटून १९९८ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. आधीच्या भाषणाच्या वेळी तिथे भेटलेल्या एका बाईने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. पुन्हा दारच.

देशाचं युद्ध मात्र चालूच. ६ जानेवारी १९९९ ला फ्रीटाऊनवर भयंकर हल्ला, जुलैमध्ये लोमेचा शांतता करार, त्यात मुलांसाठी वेगळं कलम होतं आणि सांकोला उपराष्ट्राध्यक्षाच्या दर्जाचं पदही होतं (दोन्ही एकाच कागदावर!). मे २००० मध्ये आरयूएफने संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांनाच ओलीस धरलं. इथे आपला संबंध येतो. त्या शांतिसेनेचे प्रमुख भारताचे मेजर जनरल विजय जेटली होते, आणि जिथून युद्ध पेटलं त्याच कैलाहून जिल्ह्यात दोनशेहून जास्त भारतीय जवान, मुख्यतः गोरखा, अडीच महिने वेढ्यात अडकून होते. जुलैमध्ये ऑपरेशन खुकरी करून त्यांना बाहेर काढलं. आपल्याकडे ती शौर्यकथा म्हणून सांगतात, ती आहेच, पण समोरच्या फौजेत वर्षानुवर्षं पळवून आणलेली मुलं होती हे त्यात फारसं येत नाही.

जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचं जाहीर झालं. तोवर साधारण ७२ हजार लढवय्यांनी शस्त्रं ठेवली होती, त्यात ६,८०० च्या आसपास मुलं. मुली त्यात फारच थोड्या दिसतात, आणि त्या नव्हत्या म्हणून नाही. शस्त्रं जमा करायच्या केंद्रावर बंदूक आणा, खोलून परत जोडून दाखवा, अशा कसोट्या. मुलांना कागदोपत्री बंदुकीची अट नसली तरी प्रत्यक्षात तीच विचारली जायची, आणि स्वयंपाक, ओझी, हेरगिरी करणाऱ्या, कमांडरने 'बायको' म्हणून ठेवलेल्या मुली कुठल्याच रांगेत बसेनात. बऱ्याच जणी कडेवर मूल घेऊन गुपचूप गावी गेल्या किंवा गेल्याच नाहीत.

मुलग्यांचं घरी जाणं तुलनेने पुष्कळ झालं. त्यात तिकडची जुनी रीत कामाला आली, मूल नातेवाइकाकडे किंवा उस्तादाकडे वाढायला ठेवणं तिथे नेहमीचंच, त्यामुळे परकं पोर घरात घ्यायला लोकांना नियम शिकवावे लागले नाहीत. काही गावांत थोरल्यांनी विधी करून, पाणी शिंपडून, पूर्वजांना सांगून पोराला आत घेतलं. बो, केनेमा, मकेनी या शहरांत कितीतरी माजी लढवय्ये मोटरसायकल टॅक्सी चालवायला लागले आणि त्यांच्या युनियनी झाल्या. पोलिसांशी त्यांची रोज भांडणं, पण हप्त्यावर घेतलेली बाईक होती, ती सोडून जंगलात कोण जाणार.

कायद्याच्या बाजूने फ्रीटाऊनचं विशेष न्यायालय आलं. त्याला १५ वर्षांवरच्यांवर खटला चालवता आला असता, पण मुख्य अभियोक्ता डेव्हिड क्रेन यांनी मुलांवर चालवणार नाही असं ठरवलं. २००७ मध्ये, १९९७ च्या बंडवाल्या सैनिकांच्या तीन नेत्यांना शिक्षा झाली, १५ वर्षांखालील मुलं लढाईत वापरल्याबद्दल आंतरराष्ट्रीय स्वरूपाच्या कोर्टात दोषी ठरण्याची ती पहिली वेळ. सांको खटल्याआधीच २००३ मध्ये मेला, टेलरला २०१२ मध्ये ५० वर्षं.

आणि बरं होण्याचं काय? थेरेसा बेटनकोर्ट या अमेरिकन संशोधक २००२ पासून तिथल्या ५२९ तरुणांच्या मागावर आहेत, बहुतेक माजी बालसैनिक. त्यांना दिसलं ते असं की ज्यांनी कुणाला मारलं किंवा जखमी केलं त्यांच्यात राग-वैर जास्त उरलं, बलात्कार झालेल्यांच्यात भीती-चिंता जास्त, पण गावाने कसं वागवलं, टोमणे मारले की जवळ घेतलं, शाळेत बसता आलं का, यावर पुढचं बरंच काही अवलंबून राहिलं. आता ही मुलं तिशी-चाळिशीत आहेत, आणि त्याच अभ्यासात पुढे त्यांचे जोडीदार आणि त्यांची लेकरंही घेतली गेली.